हायब्रिड घ्यावी का? बडोदेकरांचा हिशेब

ऑगस्ट २०२४च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री शहरात शिरली आणि ओसरली. त्यानंतरचे दोन-तीन महिने बडोद्यातल्या घराघरांत एकच विषय होता: गाडीचं काय करायचं? गणपती जेमतेम दहा दिवसांवर आलेले, सोसायट्यांच्या तळघरातल्या पार्किंगमधून पाणी उपसायचे पंप चालू, आणि वर्कशॉपांबाहेर चिखलाने माखलेल्या गाड्यांच्या रांगा. विमा कंपनीने ज्यांच्या गाड्या ‘टोटल लॉस’ ठरवल्या, त्यांना नवी घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तेव्हापासून एक प्रश्न तरुण घरांतून इतक्यांदा कानावर आला आहे की या महिन्याचं सदर त्यालाच देतो. प्रश्न असा: “हायब्रिड घेऊ का? ॲव्हरेज चांगलं देते म्हणतात, आणि पर्यावरणालाही बरी.”

दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी खऱ्या आहेत. पण किती खऱ्या, हे तुमची गाडी कुठे आणि किती फिरते यावर ठरतं. हे शोरूममधला मुलगा सांगत नाही, कारण त्याला ते विचारलं जात नाही.

आधी पुराबद्दल थोडं. पावागडाकडून येणारी विश्वामित्री वर्षातले दहा महिने नदी कमी आणि नाला जास्त वाटते. काळा घोडा पुलापाशी तिची धोक्याची पातळी २६ फूट आहे. २०२४मध्ये ती ३५ फुटांच्याही वर गेली. त्याआधी ३१ जुलै २०१९ला एका दिवसात वीस इंचांच्या घरात पाऊस झाला होता. २०२४चा पाऊस आणणारं कमी दाबाचं तीव्र क्षेत्र तर जमिनीवरूनच चालत गुजरात ओलांडून कच्छमार्गे अरबी समुद्रात उतरलं, आणि तिथे त्याचं ‘असना’ चक्रीवादळ झालं. ऑगस्ट महिन्यात अरबी समुद्रात चक्रीवादळ होणं ही गोष्ट १९७६नंतर पहिल्यांदाच घडली.

यामागचं विज्ञान सोपं आहे. हवा एक अंशाने तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. म्हणून पाऊस पडायचा तेव्हा कोसळतो. जगाचं सरासरी तापमान औद्योगिक क्रांतीच्या आधीच्या तुलनेत दीड अंशापेक्षा जास्त वर गेलं, असं पहिलं वर्षही २०२४च. आपल्या पुराचं सगळं खापर हवामानावर फोडून मोकळं होता येणार नाही, हेही खरं. नदीकाठची कोतरं बुजवून तिथे सोसायट्या आपणच उभ्या केल्या आणि त्यांतले फ्लॅटही आपणच बुक केले. २०२५च्या पावसाळ्याआधी नदीचं पात्र खोल-रुंद करण्याचं काम झालं, ते बरंच झालं. पण वरून येणारं पाणी वाढत असेल, तर नुसतं पात्र रुंद करून किती वर्षं निभेल हा प्रश्न उरतोच.

उन्हाळ्याची गोष्ट तर शेजारच्या अहमदाबादने सगळ्या देशाला शिकवली. मे २०१०च्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले आणि त्यातूनच २०१३मध्ये शहराचा उष्णता कृती आराखडा तयार झाला. आपलं शहर तिथून शंभर-एक किलोमीटरवर आहे. ऊन काही एक्स्प्रेसवेच्या टोलनाक्यावर थांबत नाही.

आता गाडी. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शाळेतली मुलं इथे हमखास अडवतात: लिटरभर पेट्रोलचं वजनच पाऊण किलो, मग त्यातून सव्वादोन किलो कसं निघेल? उत्तर असं की पेट्रोलमधल्या कार्बनला जळताना हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो आणि त्याचं वजन वाढतं. आपल्या कोयलीच्या रिफायनरीत १९६५पासून तेल शुद्ध होतंय. तिच्या चिमण्या लांबून दिसतात, म्हणून प्रदूषण म्हटलं की आपलं बोट तिकडे जातं. पण तिथून टँकरने निघालेलं पेट्रोल जळतं ते आपल्या दारातल्या गाडीत.

आणि तेही फार उधळपट्टीने जळतं. साधी पेट्रोल गाडी इंधनातल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग चाकांपर्यंत पोचवते, बाकीची उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते. जो पाव भाग चाकांपर्यंत पोचतो, त्याचंही गावात काय होतं बघा. संध्याकाळी सात वाजता रावपुरा टॉवरपासून न्यायमंदिरावरून मांडवीकडे जा. पन्नास पावलं पुढे, ब्रेक. रिक्षा आडवी, ब्रेक. गाय, ब्रेक. प्रत्येक वेळी पेट्रोल जाळून मिळवलेला वेग ब्रेकच्या पॅडवर घासून उष्णतेत घालवायचा आणि पुन्हा नव्याने पेट्रोल जाळून तोच वेग मिळवायचा. सिग्नलला उभं असतानाही एसी चालू असलेलं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पितच असतं, आणि तेव्हाचं ॲव्हरेज शून्य.

हायब्रिड गाडी नेमकी इथे पैसे वाचवते. तिच्यात पेट्रोल इंजिनाबरोबर एक विजेची मोटर आणि छोटी बॅटरी असते. ब्रेक दाबला की मोटर जनित्र बनते आणि गाडीचा वेग विजेत बदलून बॅटरीत साठवते. पुढच्या वेळी सुटताना तीच वीज कामी येते. सावकाश चालताना इंजिन बंदच राहतं. जिथे इंजिन चालतं तिथेही ते आपल्या सोयीच्या भारावर चालवलं जातं, म्हणून त्याची कार्यक्षमता चाळीस टक्क्यांच्या जवळ जाऊ शकते. ही कल्पना नवी नाही. फर्डिनांड पोर्शने १९००च्या सुमारास इंजिन आणि विजेच्या मोटरी एकत्र जोडून गाडी केली होती. पण रोजच्या वापराची गाडी म्हणून ती लोकांपर्यंत पोचायला डिसेंबर १९९७ उजाडावा लागला. तेव्हा टोयोटाची प्रियस जपानमध्ये विक्रीला आली.

बॅटरी केवढी असते, हे कळलं तर बरेच गैरसमज दूर होतात. ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमधली बॅटरी ०.७६ युनिटची आहे. म्हणजे घरचा एक टनाचा एसी तासभर चालेल न चालेल, एवढीच वीज. तिला प्लग लावून चार्ज करायचं नसतं. तिच्यातली सगळी वीज शेवटी पेट्रोलमधूनच आलेली असते, फक्त एकदा वाया जाताना पकडलेली. म्हणून हायब्रिडला ‘अर्धी इलेक्ट्रिक’ म्हणू नका. ती काटकसरी पेट्रोल गाडी आहे.

शोरूममध्ये सगळ्यात जास्त गोंधळ एका शब्दाचा होतो. ‘स्मार्ट हायब्रिड’, ‘माइल्ड हायब्रिड’ अशी नावं मागच्या काचेवर चिकटवलेली असतात. माइल्ड हायब्रिडमध्ये इंजिनाला थोडा हात देणारी लहानशी मोटर असते, पण ती एकटी गाडी ओढू शकत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये ओढू शकते. दोन्हींतला फरक आकड्यांत स्पष्ट दिसतो: त्याच ग्रँड व्हिटाराचं माइल्ड मॅन्युअल मॉडेल कागदावर लिटरला २१.११ किलोमीटर देतं आणि स्ट्राँग २७.९७. इनोव्हा हायक्रॉससारखी सात-आठ माणसांची थोराड गाडी हायब्रिडमध्ये २३.२४ देते, तीही अर्थात कागदावर. तेव्हा विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: “इंजिन बंद ठेवून ही नुसत्या मोटरवर चालते का?” उत्तर ‘नाही’ आलं, तर हायब्रिडच्या नावाखाली जास्त पैसे देऊ नका.

कागदावरचे आकडे येतात कुठून? पुण्यात वेताळ टेकडीला लागून असलेली एआरएआय ही संस्था तुम्हाला ठाऊक असेल. पुणेकर नातेवाईक तिथे पहाटे फिरायला जातात. तिथे आणि तशाच इतर चाचणी केंद्रांत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या क्रमाने पळवतात. वेग ताशी ९०च्या वर जात नाही, एसी बंद, रस्त्यावर खड्डा नाही आणि समोर गायही नाही. दोन गाड्यांची तुलना करायला हे आकडे उपयोगी आहेत, पण घरचं बजेट त्यांवर मांडू नये. मी हिशेब करताना गावातल्या वापराला पेट्रोल गाडीचे १२ आणि स्ट्राँग हायब्रिडचे २० धरतो.

चला, तोच हिशेब करू. वर्षाला बारा हजार किलोमीटर, बहुतेक शहरात. पेट्रोल गाडीला एक हजार लिटर लागतील, हायब्रिडला सहाशे. चारशे लिटर वाचले. लिटर ९५ रुपये धरला तर वर्षाला ३८ हजार रुपये, आणि हवेत न गेलेला कार्बन डायऑक्साइड नऊशे किलोच्या वर. आता तशाच साध्या मॉडेलपेक्षा हायब्रिडला पावणेतीन लाख जास्त मोजले असं धरा. ते वसूल व्हायला सात वर्षांहून थोडं जास्त लागेल. रोज हालोल किंवा वाघोडियाच्या कारखान्यात जाऊन-येऊन वर्षाला चोवीस हजार किलोमीटर होत असतील तर निम्म्या काळात सुटका, मात्र त्यातला गर्दीचा भाग किती हेही बघावं लागेल. आणि ज्यांच्या घरी गाडी शनिवार-रविवारी बाहेर निघते, वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर होतात, त्यांना ती खर्चाच्या दृष्टीने कधीच परवडणार नाही. त्यांनी हौस म्हणून घ्यावी. हौसेला मोल नसतं, पण मग तिला बचत म्हणू नये.

हायवेवर काय होतं? एकदा अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर गाडी चढली की ब्रेक क्वचितच लागतो, म्हणजे पकडायला वाया जाणारं काही उरतच नाही. तिथे लढाई हवेशी असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ८०वरून १००वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो, १२०ला सव्वादोनपट. भरूचपर्यंतचा नवा एक्स्प्रेसवे २०२४च्या फेब्रुवारीत सुरू झाल्यापासून सुरतेची जी मंडळी “पोचलोसुद्धा!” असा फोन करतात, त्यांच्या गाडीने किती पेट्रोल खाल्लं ते कुणी विचारत नाही. पायाखाली वीस किलोमीटरचा वेग कमी केला तर साध्या गाडीतही जी बचत होते, ती लाख-दोन लाखांच्या यंत्रापेक्षा स्वस्त आहे.

दुसरं टोक अगदी छोट्या फेऱ्यांचं. मुलाला दोन किलोमीटरवरच्या शाळेत सोडणं, कोपऱ्यावरून दूध-भाजी आणणं. इंजिन थंड असतं तेव्हा हायब्रिडलाही ते चालवून गरम करावं लागतं. ते पुरतं गरम होईपर्यंत तुम्ही परतही आलेले असता. अशा फेऱ्यांत हायब्रिडचं ॲव्हरेज बघून नवे मालक हिरमुसतात. इथे इलेक्ट्रिक स्कूटर किंवा सायकल कुठल्याही गाडीला मागे टाकेल. आपल्या आधीची पिढी दांडिया बाजारातून अख्खं गाव सायकलवर फिरली, आणि ती काही फार जुनी गोष्ट नाही.

मे महिन्याचा वेगळा विचार हवा. ४३ अंशांत एसी पूर्ण जोरावर असतो. हायब्रिडमध्ये एसी विजेवर चालतो, त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद असतानाही गार हवा येत राहते. पण ती छोटी बॅटरी लवकर उतरते आणि इंजिन पुन्हा सुरू होतं. म्हणून उन्हाळ्यात ॲव्हरेज खाली येतं, सगळ्याच गाड्यांचं. आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक-तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे तिथूनही काही टक्के घट धरा.

“मग सरळ इलेक्ट्रिकच का नको?” हा पुढचा प्रश्न. लहान इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगमधली तूट धरून किलोमीटरला साधारण ०.१५ युनिट वीज घेते. देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे अजून सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण बरीचशी वीज कोळशाची आहे. म्हणजे किलोमीटरला शंभर-एकशेदहा ग्रॅम. लिटरला वीस देणारी हायब्रिड एकशेपंधरा ग्रॅम सोडते. साधी पेट्रोल गाडी, बारा देणारी, एकशेनव्वद. आज चालवण्यापुरतं बघितलं तर इलेक्ट्रिक आणि स्ट्राँग हायब्रिड जवळजवळ बरोबरीत आहेत. फरक पुढच्या दहा वर्षांत पडेल. ग्रिडमध्ये सौर आणि पवन वीज जशी वाढेल, तशी तीच इलेक्ट्रिक गाडी दारात उभ्या-उभ्या स्वच्छ होत जाईल. हायब्रिड मात्र पहिल्या दिवशी होती तिथेच राहील.

गुजरातमध्ये हा फरक जास्त लवकर पडू शकतो. घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्यात आपलं राज्य देशात आघाडीवर आहे. बडोद्याजवळ नर्मदेच्या कालव्यावर दहा मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१५मध्येच उभा राहिला, आणि त्याच्या उद्‌घाटनाला संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून आले होते. ज्यांचं बैठं घर किंवा स्वतःची गच्ची आहे, वर पॅनेल आहेत, गाडी दिवसा घरी उभी असते आणि रोजची धाव पन्नास-साठ किलोमीटरच्या आत आहे, त्यांनी हायब्रिडचा विचार सोडून द्यावा आणि इलेक्ट्रिक घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना, जिथे सोसायटीची कमिटी चार्जिंग पॉइंटच्या परवानगीवर तीन मीटिंगा घेते, आणि ज्यांना वर्षातून चार वेळा पुणे-कोल्हापूर गाठायचं असतं, त्यांना स्ट्राँग हायब्रिड आज जास्त सोयीची.

सीएनजीचं नाव काढलं नाही तर गुजरातेत राहून उपयोग काय! खिशाला ती हायब्रिडपेक्षाही हलकी पडते, आणि पेट्रोलच्या मानाने कार्बन डायऑक्साइडही पाचव्या हिश्श्याने तरी कमी सोडते. पण ब्रेकमध्ये जाणारी ऊर्जा तीही वाचवत नाही, आणि गळणारा मिथेन हा हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जोरकस वायू आहे. बजेट आठ-दहा लाखांचं असेल तर मात्र तिला आज खरा पर्याय नाही, कारण त्या किमतीत स्ट्राँग हायब्रिड मिळतच नाही.

न मिळण्यात कराचाही हात आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के आहे, मग ती लिटरला अकरा देवो की बावीस. चार मीटरपेक्षा लहान गाडीला १८, इलेक्ट्रिकला ५. आज विकल्या जाणाऱ्या स्ट्राँग हायब्रिड मोठ्या गटातच बसतात. निम्मं पेट्रोल पिणाऱ्या गाडीला सरकार काहीच सवलत देत नाही, हे मला पटत नाही. उत्तर प्रदेशाने २०२४मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता. एक बरी बातमी आपल्याच राज्यातून आहे: अहमदाबादपासून जवळच्या हंसलपूरला हायब्रिड बॅटरीची इलेक्ट्रोड बनवायला ऑगस्ट २०२५मध्ये सुरुवात झाली. भाग इथेच बनू लागले तर छोट्या गाडीतही हे तंत्र उतरेल, अशी आशा धरायला जागा आहे.

आता पुन्हा पाण्याकडे, कारण बडोद्यात गाडी घेताना हा विषय टाळून चालत नाही. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला सेल्फ मारू नका. इंजिनात गेलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्ती लाखाच्या घरात जाते. साध्या विम्यात असं इंजिनाचं नुकसान बहुतेक वेळा नाकारलं जातं. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे वेगळं कलम पैसे भरून घ्यावं लागतं. हायब्रिडला एक जास्तीचा धोका आहे: ‘रेडी’चा दिवा लागलेला असेल तर गाडी गप्प वाटली तरी तिचं इंजिन स्वतःहून सुरू होऊ शकतं. म्हणून पाणी चढू लागलं की गाडी पूर्ण बंद करा आणि बाहेर पडा. पाणी ओसरल्यावर नारिंगी रंगाच्या जाड वायरींना हात लावू नका, त्यांच्यात जास्त दाबाची वीज असते. गाडी ढकलत न्यायचा उत्साहही नको, टो करणाऱ्यालाच बोलवा. आणि जुनी घेत असाल तर २०२४च्या पुरात बुडालेली तर नाही ना, हे विम्याच्या क्लेमवरून तपासून घ्या. तसल्या गाड्या धुऊनपुसून दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या जातात.

बॅटरीची भीतीही बऱ्याच जणांना असते. इथल्या टोयोटा आणि मारुतीच्या स्ट्राँग हायब्रिडना बॅटरीवर आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, यांतलं जे आधी होईल तेवढी वॉरंटी आहे. कागदावर ती आहे ना, आणि पुरात बुडाल्यास तिचं काय होतं, हे बुकिंगची रक्कम भरण्याआधी लेखी विचारा.

ज्यांच्याकडे आधीच हायब्रिड आहे त्यांना एक विनंती. डॅशबोर्डवरचा आकडा नको. पंपावर ऑटो कटपर्यंत टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल करा आणि मधले किलोमीटर भरलेल्या लिटरांनी भागा. एक आकडा मे महिन्यातला आणि एक जानेवारीतला, शहर किती आणि हायवे किती यासकट संपादकांकडे पाठवलात, तर बडोद्याच्या रस्त्यांवरचं खरं ॲव्हरेज आपल्याच सदरात, नावं न घालता, छापता येईल.